आधी घराचं खातं

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा तू मोबाईलवर हिशेब उघडून दाखवलास तेव्हा मी गप्प राहिलो. तुझा मेव्हणा शेजारी बसला होता आणि त्याच्यासमोर बोललो असतो तर वादावादी झाली असती. तू गेल्यावर मात्र चैन पडेना. तू कष्टाळू आहेस, निर्व्यसनी आहेस, दोघंही कमावता, हे मला ठाऊक आहे. त्याची शाबासकी द्यायला हे पत्र नाही. तुझा घोळ वेगळाच आहे. बोनसचे आणि मोडलेल्या ठेवीचे मिळून दोन लाख हाती आलेत, आणि त्यांना वाटा फुटलेत चार. मित्र म्हणतो त्यातून घराचं कर्ज फेड. सासूबाई म्हणतात गणेश चवथीआधी मॉड्युलर किचन करून घ्या. मेव्हणा म्हणतो म्युच्युअल फंडात टाक, कर्ज फेडायची घाई कशाला, करात सूट मिळते. आणि बेडरूमची पश्चिमेकडची भिंत गेल्या पावसापासून ओली आहे.

माझं उत्तर एका ओळीचं आहे आणि या पत्रात ते तुला पुन्हा पुन्हा ऐकावं लागणार आहे. घराचं खातं वेगळं काढ. आधी ते भर. बाकी सगळं त्यानंतर.

वेगळं म्हणजे खरोखरच वेगळं. दुसऱ्या बँकेत. मोबाईलमधलं पैसे पाठवायचं ॲप त्याला जोडायचं नाही, त्याचं एटीएम कार्ड घ्यायचंच नाही. तू एक्सेलमध्ये ‘घर दुरुस्ती’ असा रकाना केलायस, त्याला हिरवा रंगही दिलायस. पैसे मात्र त्याच खात्यात पडून आहेत जिथून पेट्रोल जातं, रिचार्ज जातं आणि शनिवारची बिर्याणी जाते. रकाना म्हणजे खातं नव्हे, बाबा. महिनाअखेरीस त्या रकान्यात काय उरतं ते मला विचारू नकोस, तुला माहीत आहे.

किती ठेवायचे? तुझं कर्ज ३० लाखांचं, साडेआठ टक्के, २० वर्षं. हप्ता २६,०३५. असे सहा हप्ते म्हणजे १,५६,२१०. एवढी रक्कम त्या खात्याच्या तळाशी कायमची. तिला हात लावायचा तो नोकरी गेली किंवा पगार थांबला तरच. तिच्यावर दरमहा चार हजार, पगाराच्या दुसऱ्या दिवशी. घरपट्टी, सोसायटीचं देणं, रंग, पाण्याची मोटर, गीझर, काय ते त्यातून. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इथलं घर खर्च काढतंच. तो आला की तुम्ही पोरं ‘अचानक’ म्हणता. जून दरवर्षी अचानक कसा येतो रे?

सहाच हप्ते का, असं तू विचारलंस तर मी तुला आपल्या गोव्याच्या खाणपट्ट्यात, डिचोलीला घेऊन जाईन. २०१२ साली तू शाळेत होतास. मी खाण कंपनीच्या हिशेब खात्यात होतो. सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. चवथ नुकतीच येत होती. सगळे म्हणत होते, दोन महिन्यांचा प्रश्न आहे. कागदावर जमाखर्च माझ्या हाताखालून जायचा, तरी मलासुद्धा तसंच वाटलं होतं. गावातल्या लोकांनी खनिज वाहायला टिपर, म्हणजे ट्रक, घेतले होते, एकाचे दोन, दोनाचे तीन, आणि त्यापायी राहती घरं गहाण टाकली होती. धंदा तेजीत होता तेव्हा कोणाला हप्ता जड वाटला नाही. दुसऱ्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या आवाठात, म्हणजे वाडीत, एक टिपर आंब्याखाली उभा होता. काचेवर ‘श्री सातेरी प्रसन्न’ अजून नीट वाचता येत होतं आणि पुढच्या बंपरमधून पडवळाचा वेल वर चढला होता. पडवळं धरलीसुद्धा होती. घरमालकीण ती काढून शेजाऱ्यांना वाटत होती, आणि घरात बँकेची नोटीस होती.

मध्ये खाणी थोड्या सुरू झाल्या, लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, पुन्हा टायर बदलले. २०१८ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने ८८ लीज रद्द ठरवल्या आणि १६ मार्चपासून सगळं परत बंद. तू औषध कंपनीत आहेस, खाणीत नाही, हे मला कळतं. पण त्या टिपरवाल्यांनाही आपली नोकरी जाणार नाही असंच वाटत होतं. नोकरी त्यांची नव्हतीच म्हणा, धंदा होता. मुद्दा लक्षात घे.

माझा पगार आधी अर्धा झाला, मग तो अर्धाही लांबायला लागला. तेव्हा माझं घराचं खातं होतं. घराचा एक हप्ता चुकला नाही, एक कौल फुटकं राहिलं नाही. त्यावरून मला चेंगट म्हणणारे आजही गावात आहेत. म्हणोत.

आता जे सांगतो ते तुझ्या काकूने वाचलं तर ती म्हणेल, पोराला हे कशाला सांगितलंत. त्याच काळात माझ्या मुलीला पुण्याला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला होता. फी, वसतिगृह, सगळं धरून जेवढे लागत होते तेवढे घराच्या खात्यात बरोबर होते. मी दिले नाहीत. शैक्षणिक कर्ज काढा म्हणाले सगळे, तेही काढू दिलं नाही. एका घरावर दोन कर्जं नकोत, पगार कधी पूर्ण होईल ठाऊक नाही, आणि हप्ता थकला तर चौघं जायचो कुठे? ती इथल्याच कॉलेजात गेली. आज बँकेत आहे, चांगल्या हुद्द्यावर आहे, स्वतःचं घर आहे. पण जेवताना पुण्याचा विषय निघाला की ती पानावरून उठते. मी चुकलो असं मला आजही वाटत नाही. तो हिशेब पुन्हा मांडला तरी उत्तर तेच येतं. मी मांडून बघितलाय, एकदा नाही. पण तुझ्या घरात अजून मूल नाही तोवर ते खातं एवढं भर की तुला तसा हिशेब मांडायची वेळच येऊ नये. म्हणून तर तुझ्या मागे लागलोय.

आता मेव्हण्याचं. त्याला नम्रपणे सांग की तुझ्या कंपनीने तुला नव्या करप्रणालीत ठेवलंय. स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जावरच्या व्याजाची दोन लाखांची वजावट जुन्या प्रणालीत मिळते, नव्यात नाही. जी सूट तुला मिळतच नाही तिच्यासाठी कर्ज जपून ठेवायचं, हा कुठला न्याय? मित्र म्हणतो ते जास्त बरोबर आहे. तुझ्या पहिल्या हप्त्यात व्याज होतं २१,२५० आणि मुद्दल फक्त ४,७८५. आत्ता दीड लाख भरले आणि हप्ता तोच ठेवला तर शेवटचे दोन वर्षांहून जास्त हप्ते गळतात. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतीआधी भरल्याचा दंड बँकेला लावता येत नाही, तेव्हा तीही भीती नको. पण भरायचे ते पुढच्या बोनसमधून. बँकेत एकदा भरलेले पैसे अडीअडचणीला परत मिळत नाहीत, बँक मुदत कमी करून हात झटकते. आधी घराचं खातं, मग बँक. उलटं करू नकोस.

भिंतीसाठी तू वॉटरप्रूफिंगवाल्याकडून ७० हजारांचं कोटेशन आणलंस, ते वाचून माझं डोकं फिरलं. फ्लॅटचा ताबा मिळून तुला दीड वर्ष झालं. २०१६ च्या रेरा कायद्याचं, म्हणजे बिल्डरांवरच्या कायद्याचं, १४ वं कलम सांगतं की ताब्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला तर तो बिल्डरने ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा. तोंडी सांगू नकोस. व्हॉट्सॲपवर फोटो टाकून ‘सर प्लीज बघा’ तर मुळीच नको. स्पीड पोस्टाने पत्र, फोटो जोडून, तारीख घालून, पोचपावती जपून. आणि बिल्डरच्या आधी त्या भिंतीला कोणी बाहेरचा माणूस हात लावू देऊ नकोस, मग बिल्डर म्हणेल तुम्हीच बिघडवली.

किचनविषयी एवढंच विचारतो. तुमचा गणपती सत्तरीत मूळ घरी. गणपतीवर फळं-पानं बांधायची माटोळी तिथे, पाहुणे तिथे, पाच दिवस तुम्ही सगळे तिथे. फोंड्याच्या फ्लॅटला कुलूप. मग चवथीआधी किचन कोणासाठी? ऋण काढून सण लोक करतात हे ऐकलं होतं, पण जिथे सण नाही तिथेही ऋण काढायचं, हे नवीन. त्यापेक्षा मूळ घराची कौलं मे महिन्यात परतायची असतात त्यात तुझा वाटा वेळेवर दे. तिथले तुझे दुसरे काका दरवर्षी स्वतःच्या खिशातून भागवतात आणि बोलत नाहीत. तो वाटाही घराच्या खात्यातूनच जायला हवा.

हिशेब दाखवताना एक ओळ तू अंगठ्याने झाकली होतीस. मी बघितली. क्रेडिट कार्डाचे ३८ हजार, टीव्हीचे आणि आणखी कशाकशाचे. थकबाकीवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं त्यावर. घराचं खातं आधी म्हणतो, पण हा एक अपवाद. हे पैसे पहिल्या दिवशी भर आणि कार्ड कपाटात टाक. दोन लाखांतून सहा हप्ते आणि हे ३८ हजार गेले की पाच-सहा हजार उरतात. त्यात घराचा विमा उतरव. ‘भारत गृह रक्षा’ नावाची पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्या देतात, वादळ, पूर, दरड, आग त्यात येतं. गळती येत नाही, ते आधीच सांगून ठेवतो.

तुझ्या बायकोला त्या ३८ हजारांचं माहीत नाही, बरोबर? लग्नाच्या नोंदणीला दोनदा सही करायला गेलात तेव्हा वेगळा करार केला नव्हतात. म्हणजे आपल्या गोव्याच्या कायद्याप्रमाणे तुमची मालमत्ता एकत्र, अर्धं घर तिचं. तिच्या सहीशिवाय तू ते विकू शकत नाहीस, गहाण टाकू शकत नाहीस. जिची सही लागते तिला आकडे नकोत दाखवायला? घराचं खातं दोघांच्या नावावर काढ, आणि पैसे काढायला दोघांची सही ठेव. त्रास होईल. व्हायलाच हवा, त्यासाठीच ते खातं आहे.

येत्या रविवारी दोघं या. कर्जाचं मंजुरीपत्र, बँकेचं या वर्षाचं विवरण आणि ताब्याची पावती घेऊन ये. बिल्डरला द्यायचं पत्र इथे बसूनच लिहू. मेव्हण्याला आणू नकोस.

तुझा
काका

ता. क. किचनवाल्याला दिलेले पाच हजार आगाऊ परत माग. तो देणार नाही, पण माग. आणि सासूबाईंना मी सांगतो, तू मध्ये पडू नकोस.