पगार घेऊ की माझी स्कूटरच बरी?

प्रश्न: ताई नमस्कार, मी गोव्यातला, म्हापशाचा, वय 29. अडीच वर्षं झाली, शिवोली, आसगाव, हणजुण या पट्ट्यात एकटाच एजंटचं काम करतोय, रेरा नंबर, म्हणजे एजंटची सरकारी नोंदणी, स्वतःच्या नावावर आहे. गेल्या वर्षी तीन डील झाली, तिन्हीत दुसरा ब्रोकर अर्ध्यात होता, आणि मधे पाच महिने एक रुपया आला नाही. आता पर्वरीला ऑफिस असलेली एक मोठी कंपनी बोलावतेय. पगार 28,000, लीड, म्हणजे गिऱ्हाइकांचे नंबर, ते देणार, इन्सेंटिव्ह 15 टक्के, पण महिन्याला 1 लाख ब्रोकरेज आणल्यावर वर जे असेल त्याच्यावर. बायको म्हणते घे, बाबा म्हणतात दुसऱ्याची चाकरी कशाला. काय करू?

उत्तर: अरे भावा, बाबांना आधी हिशेब दाखव. 80 लाखांचा फ्लॅट विकलास तर 2 टक्क्यांनी 1 लाख 60 हजार होतात, समोरच्या ब्रोकरचा अर्धा वाटा गेला की तुझ्याकडे 80 हजार, त्यातून पेट्रोल, पोर्टलचे पैसे, आणि हे सगळं कधी, तर पार्टीचं लोन पास होऊन रजिस्टरला सह्या झाल्यावर. अशी तीन डील म्हणजे वर्षाला 2 लाख 40 हजार. पगाराचे होतात 3 लाख 36 हजार. तोच फ्लॅट कंपनीतून विकलास आणि अख्खं ब्रोकरेज कंपनीला मिळालं तर 1 लाखाच्या वरचे 60 हजार, त्याचे 15 टक्के म्हणजे 9,000 फक्त. म्हणजे चार डीलपर्यंत पगार पुढे, पाचव्या डीलला तू पुढे. सध्या तू तीनवर आहेस.

पण आकड्यांपेक्षा तू काय विकतोस ते बघ. मोठ्या कंपन्यांचा सगळा जोर बिल्डरच्या प्रोजेक्टवर असतो, रेरा रजिस्टर झालेलं, ब्रोशर तयार, सॅम्पल फ्लॅट तयार, पार्टी दिल्ली-मुंबईहून उतरते, तू गाडीत घालून दाखवायचं. तिथे कंपनीचं नाव चालतं, शिवाय जास्त बुकिंग देणाऱ्याला बिल्डरही जास्त टक्के देतो, ते एकट्याला मिळत नाहीत. तुझ्या पट्ट्यात मात्र निम्मा माल जुनी घरं आणि प्लॉट. तिथे फॉर्म एक-चौदा, म्हणजे जमिनीचा उतारा, वाचता आला पाहिजे, कुळाच्या रकान्यात कुणाचं नाव आहे, मागच्या बाजूला मुंडकाराचं, म्हणजे मालकाच्या जमिनीत हक्काने राहणाऱ्याचं घर आहे का, सनद, म्हणजे जमीन बिगरशेती केल्याचा कागद, झालीय का, भातशेती तर नाही ना, कारण 2023 च्या कायद्यानंतर ती बिगरशेतकऱ्याला विकता येत नाही. हे ऑफिसातल्या ट्रेनिंगमध्ये कोण शिकवणार, ते भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, बल्कांवावर (ओसरीवर) बसून चहा पिता पिता कळतं.

मी स्वतः शिकले ते मार खाऊन. नवीन असताना शिवोलीत एका प्लॉटचं टोकन झालं, मालक भला माणूस, कागद सगळे त्याच्या नावावर, मी खुश. सह्यांच्या चार दिवस आधी वकिलाने विचारलं, बायको कुठाय? ती लिस्बनला, आणि नवऱ्याशी दोन वर्षं बोलणं नाही. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याने वेगळा करार नसेल तर लग्नाबरोबर मिळकतीत बायकोचा हिस्सा येतो, तिच्या सहीशिवाय घरजमीन विकता येत नाही. पार्टी पाच महिने थांबली, मग टोकन परत घेऊन गेली. माझे पाच महिने आणि पेट्रोल गेलं ते वेगळं. तेव्हापासून कुठल्याही मालकाकडे गेले की कागद बघायच्या आधी मी विचारते, काजार जालां, लग्न झालंय का? काही लोक हसतात, हसू देत.

तर माझं मत, एक वर्ष जा, पण दोन गोष्टी लेटरवर लिहून घेऊनच. पहिली, तुझा रेरा नंबर तुझ्याकडेच राहणार. तो दुसऱ्याच्या नावावर फिरत नाही आणि सरेंडर केलास तर परत बाहेर पडताना पहिल्यापासून सगळं. दुसरी, आज तुझ्याकडे जे मालक आणि प्लॉट आहेत त्यांची यादी लेटरला जोडायची, ते कंपनीचे लीड नाहीत. इथे खूप जणांचं फसतं, माझ्या ओळखीच्या एका मुलाने गावातली नऊ घरं कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली आणि सोडताना त्याला सांगितलं हे आमचे क्लायंट. नोकरी सोडल्यावर या धंद्यात राहायचं नाही असं कलम असलं तर फार घाबरू नको, 1872 च्या करार कायद्याचं कलम 27 अशी बंदी मानत नाही, पण कंपनीचा डेटा उचलून नेलास तर ते अंगाशी येईल, तो वेगळा विषय. दुसरी अट मान्य नसेल तर जाऊच नको. पाच महिन्यांचा खड्डा भाड्याच्या कामाने भरता येतो, एका घराला एका महिन्याचं भाडं ब्रोकरेज म्हणून मिळालं तरी घरचा हप्ता निघतो.

आणि बायकोला सांग, पगार पहिल्या महिन्यापासून येईल पण इन्सेंटिव्ह धरून फ्रिजचा ईएमआय घेऊ नको.

प्रश्न: ताई, फक्त 11 महिन्यांची भाड्याची घरं लावून देते, मला पण रेरा लागतं का? (पर्वरी)

उत्तर: नाही, एजंटची नोंदणी प्रोजेक्टमधल्या खरेदी-विक्रीसाठी आहे. मात्र भाडेकरूची माहिती पोलीस स्टेशनला दिली का ते मालकाकडून बघून घे. आणि कुणी म्हणालं की जाता जाता बिल्डरचा एक फ्लॅटपण विकून दे, तर नंबर नसताना हात घालू नको, दंड दिवसाला 10,000 आहे.