राखलेली रक्कम की रोखलेली?

अंबडच्या एका प्लंबिंग ठेकेदाराने विचारलं आहे: बिल्डरशी करार मराठीत करतोय, 'रिटेन्शन'ला (काम नीट टिकतं का हे पाहीपर्यंत बिलातून कापून ठेवलेल्या रकमेला) 'अनामत' लिहू का?

लिहू नका. अनामत म्हणजे आपल्या हाताने दुसऱ्याकडे विश्वासाने दिलेली ठेव (मूळ अरबी 'अमानत', मराठीच्या तोंडी म आणि न यांची अदलाबदल झाली). टेंडरसोबत भरता ती अनामत. रिटेन्शन तुमच्या हातात आलेलंच नसतं. दहा लाखांचं बिल, पाच टक्के कापले, हातात साडेनऊ लाख. उरलेले 50 हजार तुम्ही कुणाकडे ठेवायला दिले नाहीत, ती तुमची झालेली कमाई आहे. 'राखीव रक्कम'ही टाळा. राखीव निधी ज्याचा त्याचा असतो, त्यामुळे वाचणाऱ्याला पैसे मालकाचेच वाटतात.

'राखून ठेवलेली रक्कम' लिहा. दिंडोरीकडे द्राक्षं भरत आली की बागेला राखण लागते. राखणदाराची बाग नसते, आणि माल निघाला की राखणही संपते. वस्तू दुसऱ्याची आणि मुदत ठरलेली, हे दोन्ही 'राखणे'त आहे. 'तळे राखील तो पाणी चाखील' म्हणणाऱ्यांनीही तळं कधी राखणदाराच्या नावावर केलं नाही.

'रोखणे' वेगळं. दोषदायित्व कालावधी (कामात दोष निघाला तर ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत) उलटला, कुठे गळती नाही, तरी पैसे सुटत नाहीत, तेव्हा राखलेली रक्कम रोखलेली होते. फरक एका स्वराचा, पण वर्षभर घाम गाळलेल्या माणसाच्या घरी तो फार मोठा असतो.

कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2026 पासूनच्या बहुतेक खासगी बांधकाम करारांत 5 टक्क्यांहून जास्त राखता येत नाही. आपल्याकडे खासगी कामात टक्का करारातच ठरतो, म्हणून त्यातला शब्द नेमका हवा. 'जप्त होईल' असं कुणी घुसवलं तर हरकत घ्या. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 प्रमाणे करारात दंडाचा आकडा असला तरी त्या आकड्याच्या आत वाजवी तेवढीच भरपाई मिळते.

मी असं लिहीन: 'प्रत्येक बिलातून 5 टक्के रक्कम काम पूर्ण झाल्यापासून 12 महिने राखून ठेवली जाईल. या मुदतीत दोष लेखी कळवल्यास त्याच्या दुरुस्तीच्या खर्चापुरतीच रक्कम रोखता येईल. बाकीची मुदत संपल्यापासून 15 दिवसांत ठेकेदाराला दिली जाईल.'