गाव महापालिकेत गेल्यावर जिल्हा परिषदेच्या जुन्या गटाचं काय होतं?

गट म्हणजे जिल्हा परिषदेचा एक सदस्य निवडून देणारा मतदारसंघ, आणि तो कायमचा नसतो. जिल्हा परिषदेत किमान ५० आणि कमाल ७५ निवडून आलेले सदस्य असतात. दर निवडणुकीआधी जनगणनेच्या आकड्यांवर गट नव्याने पाडले जातात, आणि प्रत्येक गटात पंचायत समितीचे दोन गण, म्हणजे छोटे मतदारसंघ, असतात. शहरात गेलेल्या गावाची लोकसंख्या या हिशोबातून वजा होते. उरलेली गावं शेजारच्या गटांना जोडतात, मग जुनं नाव यादीतून जातं.

पुण्याचंच बघा. हवेली-मुळशीतली ११ गावं २०१७ मध्ये आणि वाघोली, मांजरी बुद्रुक, नऱ्हे, सूस अशी २३ गावं ३० जून २०२१ रोजी महापालिकेत आली. २०१७ ला जिल्हा परिषदेचे ७५ गट होते, नव्या रचनेत ७३ राहिले. सगळ्यात जास्त कात्री हवेलीला लागली.

माझ्या मते खरा अन्याय मधल्या काळात झाला. या २३ गावांच्या ग्रामपंचायती गेल्या. मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषद आणि महापालिका, दोन्हींची मुदत संपून प्रशासक बसले. महापालिकेचं मतदान थेट १५ जानेवारी २०२६ ला झालं. इतकी वर्षं पाण्याच्या टँकरसाठी भांडायला ना सरपंच, ना नगरसेवक!

तुमच्या कामाचं म्हणाल तर ग्रामपंचायतीचं दप्तर महापालिकेकडे वर्ग होतं. नमुना ८ चा (घराच्या कर आकारणीचा) उतारा किंवा जुना जन्मदाखला हवा असेल तर आधी क्षेत्रीय कार्यालयात चौकशी करा.