वाचकांचे प्रश्न : सैन्यातील सुनेची प्रसूती

प्रश्न : माझी सून लष्करी पोलीस दलात शिपाई आहे. पहिले बाळंतपण इंदूरला आमच्याकडेच व्हावे, अशी इच्छा आहे. अधिकारी स्त्रियांना मिळते तशी रजा तिलाही मिळेल का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : मिळेल. नोव्हेंबर 2023मध्ये संरक्षणमंत्र्यांनी मंजूर केलेल्या प्रस्तावानुसार स्त्री सैनिक, नौसैनिक आणि वायुसैनिक यांना रजेच्या बाबतीत अधिकाऱ्यांच्या बरोबरीने आणण्यात आले, आणि त्यामुळे तुमच्या सुनेलाही पूर्ण वेतनासह 180 दिवसांची प्रसूतिरजा घेता येते. ही सवलत जास्तीत जास्त दोन अपत्यांपुरती आहे. एक वर्षाखालील मूल दत्तक घेतल्यासही तेवढीच रजा आहे.

बालसंगोपन रजेचा विचार मात्र आतापासूनच करावा. मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत, संपूर्ण सेवाकाळात मिळून 360 दिवस ती वापरता येते. बाळ जरा मोठे झाल्यावर, आजारपणात किंवा परीक्षेच्या दिवसांत, तिची गरज अधिक भासते, म्हणून ती सुरुवातीलाच संपवू नये, असे आमचे मत. शिवाय ही रजा युनिटच्या सोयीनुसार मंजूर होते. सासूबाईंच्या मुहूर्तानुसार नव्हे!

प्रसूती घराजवळ व्हावी असे वाटत असेल, तर महू येथील लष्करी रुग्णालयाचा विचार करता येईल. त्याबाबत सुनेने आपल्या युनिटकडे वेळीच विचारणा करावी. जन्मानंतर बाळाची नोंद सेवा-अभिलेखात करून घेण्यास विलंब करू नये.