पोप आणि कॅथलिक शिकवणीतून रोजच्या जगण्यासाठी काय घेता येईल?

माझ्या मते सुरुवात पोप फ्रान्सिस यांच्या तीन शब्दांपासून करा: ‘कृपया’, ‘धन्यवाद’, ‘माफ कर’. घर याच शब्दांवर टिकतं, असं ते वारंवार सांगत. भांडण कितीही होवो, समेट केल्याशिवाय दिवस संपवू नका, हेही त्यांचंच सांगणं. तिसरा शब्द तोंडातून निघायला सगळ्यात जड, म्हणून तोच आधी.

क्षमेचं म्हणाल तर मला पोप जॉन पॉल दुसरे आठवतात. १३ मे १९८१ रोजी व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स चौकात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चारच दिवसांनी त्यांनी रुग्णालयातून हल्लेखोराला ‘भाऊ’ म्हणत क्षमा केली. डिसेंबर १९८३ मध्ये ते तुरुंगात जाऊन त्याला भेटले. तो फोटो जरूर बघा: साध्या खुर्च्यांवर दोघं अगदी जवळ बसलेले, पोपच्या हातात त्याचा हात. शिक्षा मात्र चालूच राहिली. इटलीने त्याला माफी दिली ती २००० साली. क्षमा म्हणजे गुन्ह्यावर पांघरूण घालणं नव्हे, हे मला तिथे उमगलं.

रोजच्या सवयीसाठी सोळाव्या शतकातले कॅथलिक संत इग्नेशियस लोयोला यांची पद्धत घ्या. झोपण्यापूर्वी दहा मिनिटं शांत बसून दिवस आठवायचा, आधी कृतज्ञता, मग चुका, शेवटी उद्याचा एक निश्चय.