आधी खुर्ची, मग बँक?

प्रश्न: माझा भाचा टोरांटोला टीडी बँकेत आहे. कॅनडातल्या एका प्रांताचे माजी मुख्यमंत्री फ्रँक मॅकेना त्या बँकेत उपाध्यक्ष झाले, असं तो सांगतो. आपल्याकडे माणूस आधी कारखान्याचा नाहीतर सोसायटीचा चेअरमन होतो आणि मग आमदारकीला उभा राहतो. हा उलटा प्रवास तुम्हाला पटतो का? माझा मुलगा ग्रामपंचायतीला उभा राहतो म्हणतोय, म्हणून विचारतो.
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर: पटतो, पण त्याचं कारण बँकेत नाही, आधीच्या दहा वर्षांत आहे.

मॅकेना न्यू ब्रन्सविकचे. त्या काळी अख्ख्या प्रांताची वस्ती साडेसात लाखांच्या आत. दोन तृतीयांश इंग्रजी बोलणारे, बाकी बहुतेक फ्रेंच. 1969 पासून दोन्ही राजभाषा, तरी धुसफूस होतीच. 1991 च्या निवडणुकीत द्विभाषिक धोरणाला विरोध करणारा पक्ष 8 जागा घेऊन विरोधी बाकांवर बसला. मॅकेना पेशाने वकील. 1987 मध्ये त्यांच्या पक्षाने 58 पैकी 58 जागा जिंकल्या होत्या आणि ते मुख्यमंत्री झाले होते.

त्यांनी काय केलं? ज्या दोन भाषांवरून भांडण, त्याच घेऊन ते कंपन्यांच्या दारात गेले. फोनवर दोन्ही भाषांत बोलणारी माणसं आमच्याकडे तयार आहेत, कॉल सेंटर इथे काढा, म्हणाले. कंपन्यांसाठी स्वतःच्या नावाचा टोल फ्री नंबर ठेवला. आणि 1993 मध्ये, त्यांच्याच कारकिर्दीत, दोन्ही भाषिक समाजांचा समान दर्जा देशाच्या राज्यघटनेत लिहिला गेला. हक्क आणि रोजगार त्यांनी एकमेकांच्या आड येऊ दिले नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं.

बेळगावच्या खडेबाजारात साडीच्या दुकानातली पोरगी एका बाईला मराठीत काठ दाखवते आणि पावती फाडता फाडता दुसरीला कन्नडमध्ये भाव सांगते. तिचं हे कसब कुठल्या पुढाऱ्याने कुठल्या कंपनीपुढे मांडलं? आणि तिच्याच आजोबांना जमिनीचा उतारा कन्नडमध्ये मिळतो, तो वाचून घ्यायला माणूस शोधावा लागतो. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांवर असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, असं ठरून कितीतरी दशकं झाली.

आता खुर्चीचं. मॅकेना दहा वर्षं राहीन म्हणाले होते. निवडणूक जिंकल्याला बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी, 13 ऑक्टोबर 1997 ला, पद सोडलं. मग वकिली, कंपन्यांची संचालकपदं, 2005 मध्ये अमेरिकेत राजदूत आणि 2006 मध्ये बँक. मुख्यमंत्रिपद आणि बँक यांच्यात साडेआठ वर्षं गेली. अशा माणसाला कंपन्या त्याच्या ओळखीपाळखीसाठीही घेतात, हे उघड आहे. म्हणूनच मधला काळ मी महत्त्वाचा धरतो.

आपल्याकडे सोडणं हा प्रकारच नाही. दोन्ही खुर्च्या एकाच वेळी. निपाणीकडे एका सोसायटीत मी आयुष्यभर कर्जाचे कागद पाहिले. थकबाकीची नोटीस काढताना कर्जदार कोण याच्याआधी तो कुणाचा माणूस, हे बघावं लागायचं. ठेवी मात्र विडी वळणाऱ्या बायकांच्या होत्या. हे मला आजही सहन होत नाही.

मुलाला खुशाल उभं राहू द्या. फक्त त्याचा स्वतःचा धंदा चालू राहू दे, म्हणजे पद गेलं तरी घर चालेल. किती वर्षं राहणार ते त्याने गावसभेत सांगावं. कुठल्या सोसायटीवर संचालक असेल, तर निवडून आल्यावर राजीनामा देईन असं अर्ज भरायच्या आधीच लिहून द्यावं. आणि कन्नड वाचता येत असेल, तर वॉर्डातल्या म्हाताऱ्यांचे उतारे वाचून द्यायला याच आठवड्यापासून बसावं. त्यासाठी निवडून यावं लागत नाही.