बाबांना सगळं आठवतंय, मग हा डिमेन्शिया कसला?

तुम्ही लिहिलंय बाबा ५६ चे, पाढेसुद्धा चुकत नाहीत, फक्त वागणं बिघडलंय, तरी डॉक्टर फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया (मेंदूचा कपाळामागचा आणि कानाजवळचा भाग झिजतो तो) म्हणतायत, हे कसं काय. आम्ही पण हेच विचारलं होतं. माझ्या बाबांचं सहावं वर्ष चालू आहे, कोथरूडला राहतो आम्ही.

आमचं कळलं ते असं की शेजारचे आजोबा गेले म्हणून भेटायला गेलो, सगळे रडतायत आणि बाबा त्यांच्या सुनेला विचारतात, तेराव्याला लाडू का जिलबी? आईला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. आणि याच माणसाला १९८४ च्या पीएमटीचे, म्हणजे पुण्याच्या सिटी बसचे, रूट नंबर पाठ!

तर मेंदूचे भाग सुटे काम करत नाहीत, त्यांची जाळी असतात. त्यातलं एक सेलियन्स नेटवर्क, त्याचे मुख्य भाग म्हणजे अँटेरिअर इन्सुला आणि अँटेरिअर सिंग्युलेट, मेंदूच्या आत पुढच्या बाजूला असतात ते. समोरचा रडतोय, पोट भरलंय, आता गप्प बसावं, म्हणजे या घडीला काय महत्त्वाचं ते हे जाळं हेरतं. फ्रंटोटेम्पोरलच्या वागणं बदलणाऱ्या प्रकारात, म्हणजे बाबांच्या, सुरुवात इथूनच होते, तिथल्या व्हॉन इकॉनॉमो नावाच्या लांबट पेशी लवकर मरतात. अल्झायमरमध्ये मार बसतो तो मुख्यतः डिफॉल्ट मोड नेटवर्कला, ज्याचा आठवणींशी संबंध आहे, आणि ते बाबांसारख्यांच्यात सुरुवातीला बऱ्यापैकी टिकून असतं. म्हणून पाढे शाबूत.

या प्रकाराचं निदान करायच्या २०११ च्या निकषांत सहा गोष्टी आहेत: ताळतंत्र सुटणं, कशातच रस नसणं, माया आटणं, तेच तेच करत राहणं, खाणं बदलणं (गोडाचा हव्यास!) आणि आठवण बरी पण प्लॅनिंग कोलमडलेलं. यातल्या तीन असल्या तरी संशय घेतात. आमच्याकडे दीड वर्ष डिप्रेशनच्या गोळ्या चालल्या, पहिला एमआरआय नॉर्मल आला होता, पेट स्कॅनमध्ये (मेंदूचा कुठला भाग कमी काम करतोय ते दाखवतो तो) दिसलं.

बरं करणारं औषध अजून नाही. अल्झायमरची डोनेपेझिल यात उपयोगी पडत नाही, कधी चिडचिड वाढते, त्यामुळे कुणी लिहून दिलीच तर न्यूरोलॉजिस्टला नक्की विचारा. एसएसआरआय गोळ्यांनी (डिप्रेशनच्या गोळ्यांचाच एक प्रकार) काहींचं वागणं थोडं निवळतं, बाबांचं निवळलं.

समजावून सांगण्यात, भांडण्यात आईचं एक वर्ष गेलं, काही उपयोग नाही, कारण ऐकलेलं त्यांना लक्षात राहतं पण आतून टोचत नाही. आता आम्ही घरच बदललंय. गूळ-साखर कुलपात, रोज चारला म्हात्रे पुलावरून अलका चौकापर्यंत तोच फेरा, अडवत नाही, मागून कुणीतरी चालतं.

आणि त्यांच्या यूपीआयची लिमिट आजच कमी करा, आमच्याकडे एका दुपारीत तीन मिक्सर आले होते.